जीन ग्रेचा शेवट नेमका कोणी लिहिला?

शाईदौत (धागाकर्ते)

मार्व्हल या प्रकाशकाच्या 'एक्स-मेन' मालिकेच्या १३७व्या अंकात नायिका जीन ग्रे चंद्रावर मरते, हे सुपरहिरो कॉमिक्स वाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. हा मृत्यू लेखकाच्या मनात नव्हता, चित्रकाराच्याही नव्हता, आणि ज्या संपादकामुळे तो घडला त्यानेही सुरुवातीला मृत्यूची मागणी केली नव्हती, हे मात्र कमी जणांना माहीत असते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेत कथा कशी घडते हे पाहायचे असेल तर मला याहून बोलके उदाहरण दिसत नाही, कारण या प्रकरणातील मंडळींनी आपापली बाजू पुढे उघडपणे मांडली. १९८४ मध्ये मार्व्हलने 'फिनिक्स: द अनटोल्ड स्टोरी' या नावाने त्याच अंकाचा मूळ शेवट प्रसिद्ध केला आणि त्याच पुस्तिकेत लेखक ख्रिस क्लेअरमाँट, चित्रकार जॉन बर्न, मुख्य संपादक जिम शूटर आणि त्यांचे काही सहकारी यांची आपसातली चर्चाही छापली. आपल्या कार्यालयातला मतभेद वाचकांपुढे असा ठेवणारे प्रकाशक फारसे आढळत नाहीत.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. स्टॅन ली आणि जॅक किर्बी यांनी १९६३ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९७० पर्यंत इतकी मंदावली की पुढची सुमारे पाच वर्षे तिच्यात जुन्याच कथा पुन्हा छापल्या जात होत्या. १९७५ मध्ये लेन वाइन आणि डेव्ह कॉकरम यांनी 'जायंट-साइज एक्स-मेन'च्या पहिल्या अंकात नवा संघ उभा केला. लगेच, म्हणजे ९४व्या अंकापासून, लेखन तरुण क्लेअरमाँट यांच्याकडे आले आणि ते सुमारे १६ वर्षे त्यांच्याकडेच राहिले. १०८व्या अंकापासून कॉकरम यांच्या जागी बर्न आले आणि १४३व्या अंकापर्यंत टिकले. आज वाचक ज्याला 'एक्स-मेन' म्हणून ओळखतात त्याचा फार मोठा भाग या तीन-साडेतीन वर्षांतला आहे.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. १३५व्या अंकात फिनिक्स नावाच्या वैश्विक शक्तीने झपाटलेली जीन आपली भूक भागवण्यासाठी एक तारा गिळते आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव संपतात. त्या ग्रहवासीयांना बर्न यांनी शतावरीच्या कोंबासारखी डोकी दिली, कारण तसा एक परग्रहवासी १९६४ मध्ये 'अव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात येऊन गेला होता. मूळ योजनेप्रमाणे १३७व्या अंकात शिआर हे परग्रहवासीयांचे साम्राज्य जीनची मानसिक शक्ती कायमची काढून घेणार होते आणि ती सामान्य स्त्री म्हणून आपला प्रियकर स्कॉट याच्याबरोबर घरी परतणार होती. अंक जवळजवळ तयार झाल्यावर शूटर यांनी आक्षेप घेतला. एवढा संहार करणारी व्यक्ती फक्त शक्ती गमावून घरी जाऊ शकत नाही, तिच्या कृत्याचे परिणाम तिला भोगावे लागताना दिसले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. कारावासाचा पर्याय पुढे आला, परंतु सहकारी तिला सोडवायला गेल्याशिवाय राहणार नाहीत आणि मालिका त्याच फेऱ्यात अडकेल, ही अडचण क्लेअरमाँट यांना दिसत होती. उरला तो मृत्यू. शेवटची पाने नव्याने काढली गेली, आणि त्यांत जीन चंद्रावरच्या एका प्राचीन अस्त्राचा मारा स्वतःवर ओढवून घेते.

माझे म्हणणे असे की या शेवटाचा 'लेखक' शोधायला निघालो तर आपल्या हाती एक माणूस लागत नाही, एक वाद लागतो. त्या वादातल्या प्रत्येकाला आपल्या अधिकाराची मर्यादा होती, आणि त्या मर्यादा एकमेकींवर आदळल्या म्हणून ही कथा लोकांच्या लक्षात राहिली. एकट्या क्लेअरमाँट यांच्या मनाप्रमाणे झाले असते तर आपण आज १३७व्या अंकाविषयी बोलत बसलो असतो, असे मला वाटत नाही. या मालिकेवर किंवा अशाच दुसऱ्या दीर्घ मालिकेवर काम केलेल्या मंडळींनी स्वतःच्या कामाविषयी जे सांगितले आहे, त्याच्या आधारे जाणकारांनी लिहावे ही विनंती.

रेघोट्या

उत्तम विषय. तुम्ही बर्न यांना 'चित्रकार' एवढेच म्हटले आहे, त्याबद्दल थोडे लिहितो, कारण मार्व्हलच्या त्या काळच्या कार्यपद्धतीत हा शब्द अपुरा पडतो.

त्या पद्धतीत लेखक आधी संपूर्ण संहिता लिहीत नसे. लेखक आणि चित्रकार मिळून कथानक ठरवत, बऱ्याचदा दूरध्वनीवरच. मग चित्रकार ते पानांवर मांडत असे. कोणत्या प्रसंगाला किती चौकटी द्यायच्या, कुठे थांबायचे, कोणाचा चेहरा जवळून दाखवायचा, हे सगळे तोच ठरवत असे. पेन्सिलीची पाने आल्यावर लेखक त्यांवर संवाद लिहीत असे. नंतर अक्षरलेखक त्याच मूळ कागदावर फुगे आणि मजकूर काढत असे आणि मग कागद शाईसाठी इंकरकडे जात असे. चित्राचे क्षेत्र साधारण दहा इंच रुंद आणि पंधरा इंच उंच असे, छपाईत ते लहान होई. सांगायचा मुद्दा असा की पेन्सिलीचे पान एकदा हातातून गेले की त्या चौकटीतली माणसे काय बोलणार, हे चित्रकाराच्या हातात उरत नसे. पुष्कळदा त्याला ते छापील अंकातच वाचायला मिळे.

बर्न यांनी मालिका का सोडली, याविषयी त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत याच टप्प्याची आहे. १४०व्या अंकात संघातला बलदंड कोलोसस एका झाडाचा बुंधा जमिनीतून उपटतो. बर्न यांच्या मते हे काम त्याने सहज करावे असे ठरले होते आणि त्यांनी ते तसेच रेखाटले. छापील अंकात मात्र संवादांमुळे त्याला फार जोर लावावा लागतो आहे असे दिसले. बुंध्यासारख्या गोष्टीवरून कोणी एवढी लोकप्रिय मालिका सोडेल हे हास्यास्पद वाटेल. परंतु चित्रातली देहबोली एक सांगते आहे आणि फुग्यातला मजकूर दुसरेच सांगतो आहे, हे दर महिन्याला पाहणाऱ्याला तो बुंधा पुरेसा असतो.

दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवे. संघातला नखेवाला वुल्व्हरिन हे पात्र मालिकेतून बाहेर जाण्याच्या बेतात होते आणि लहानपणापासून कॅनडात वाढलेल्या बर्न यांनी 'आपल्या' कॅनेडियन पात्राची बाजू लावून धरली, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. त्याच वुल्व्हरिनला बोलण्याची ढब आणि आत दाबून धरलेला संताप दिला तो मात्र क्लेअरमाँट यांच्या संवादांनी. आता या पात्राचे श्रेय कोणी कसे वाटायचे? १९७४ मध्ये 'हल्क'च्या अंकात ते पात्र वाइन यांनी लिहिले होते, त्याचा पोशाख जॉन रोमिता यांनी आखला होता, प्रत्यक्ष कथा हर्ब ट्रिम्प यांनी चितारली होती आणि मुखवट्याखालचा चेहरा प्रथम दाखवला तो कॉकरम यांनी, ९८व्या अंकात. त्याच अंकात त्याची नखे हातमोज्यात बसवलेली नसून हाताचाच भाग आहेत, हेही उघड झाले. वाइन यांची मूळ कल्पना हातमोज्यांचीच होती.

तांबडी पेन्सिल

मी शूटर यांच्या बाजूने बोलणार आहे, आणि हे मत लोकप्रिय नाही याची मला कल्पना आहे. शूटर यांच्या कारकिर्दीविषयी पुष्कळ कडवट आठवणी छापल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या काही योग्यही असतील, परंतु १३७व्या अंकाच्या बाबतीत त्यांनी जे केले ते संपादकाचेच काम होते. संपादकाने कथेचा हिशेब तपासायचा असतो. दोन अंकांपूर्वी पाच अब्ज जीव मेले आहेत आणि शेवटच्या पानावर नायिका प्रियकराचा हात धरून घरी चालली आहे, हा हिशेब जुळत नाही. लेखकाला तो जुळत नसल्याचे दिसले नाही, कारण त्याचे आपल्या पात्रावर प्रेम होते, आणि ते असायलाच हवे. तारा गिळण्याचा प्रसंग चितारणाऱ्याला ते भव्य दृश्य हवे होते, आणि तेही स्वाभाविक आहे. या दोघांच्या मधोमध असा एक माणूस लागतो ज्याला त्या पात्रावर प्रेम करण्याची परवानगी नसते.

पण संपादकीय हस्तक्षेपाची दुसरी बाजू दाखवणारे उदाहरणही याच मालिकेत आहे. १९८१ च्या १५०व्या अंकात क्लेअरमाँट यांनी संघाचा जुना शत्रू मॅग्नेटो याला ज्यू-संहारातून वाचलेल्या माणसाचा भूतकाळ दिला, आणि तिथून पुढे त्याला खलनायकाच्या चौकटीतून हळूहळू बाहेर काढले. १९८५ मध्ये २००व्या अंकात त्याच्यावर खटला चालतो आणि अखेरीस तो संघाचा संस्थापक झेव्हियर याच्या शाळेची जबाबदारी स्वीकारतो. एका पात्राचे हे परिवर्तन लेखकाने वर्षानुवर्षे, एकेक पाऊल टाकत घडवले होते. १९९१ मध्ये 'एक्स-मेन' नावाने नवी मालिका सुरू झाली तेव्हा पहिल्याच कथेत मॅग्नेटो पुन्हा प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहिला. त्या सुमारास संपादक बॉब हॅरस आणि चित्रकार जिम ली यांच्या मनातली दिशा क्लेअरमाँट यांच्या दिशेहून वेगळी झाली होती, आणि त्या नव्या मालिकेच्या तिसऱ्या अंकानंतर क्लेअरमाँट बाहेर पडले. पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानांकडे गेल्या. त्या अंकाची मुखपृष्ठे पाच होती, त्यामुळे एकाच वाचकाने अनेक प्रती घेतल्या हे उघड आहे, परंतु एवढा आकडा समोर असताना १६ वर्षे लिहिणाऱ्या माणसाला कोण थांबवणार?

१९८० मध्ये संपादकाने कथेतील कार्यकारणभाव राखला आणि १९९१ मध्ये तोच मोडला, असे माझे मत आहे. दोन्ही वेळा अंतिम शब्द संपादकाचाच होता, म्हणून अधिकार कोणाकडे होता यापेक्षा तो कशासाठी वापरला गेला हे तपासले पाहिजे.

शाईदौत

मॅग्नेटोचे उदाहरण नेमके आहे. एक भर घालतो. ज्या जिम ली यांच्यासाठी क्लेअरमाँट यांना बाजूला व्हावे लागले असे अनेक वाचक मानतात, ते स्वतः १९९२ मध्ये मार्व्हल सोडून गेले. त्यांच्यासह सात चित्रकारांनी इमेज कॉमिक्सची स्थापना केली, आणि त्यांच्यात मार्क सिल्व्हेस्ट्री आणि व्हिल्स पोर्टासिओ हे 'एक्स-मेन'वर काम केलेले आणखी दोघे होते. त्यांची मुख्य तक्रार मालकी हक्कांची होती. आपल्या वादात हा विषय अजून आलेला नाही.

चौसष्ट छटा

मालकीकडे वळण्यापूर्वी ज्यांची नावे श्रेयाच्या चौकटीत शेवटी येतात त्यांच्याविषयी लिहू द्या.

क्लेअरमाँट भरपूर लिहितात. त्यांची पात्रे हवेत कोलांटी मारता मारता आपला भूतकाळ, आपली भीती आणि आपल्या शक्तीचे शास्त्रीय स्पष्टीकरण, सगळे एका दमात सांगतात. हा मजकूर वाचनीय राहिला याचे श्रेय टॉम ऑर्झेकॉव्स्की यांच्या अक्षरांना आहे. लहान, घट्ट, तरीही मोकळी वाटणारी त्यांची अक्षरे, आणि चित्रातील कृतीला अडथळा न आणता नजरेला एका फुग्यातून दुसऱ्या फुग्याकडे नेणारी मांडणी, ही या मालिकेची इतकी ओळख झाली की दुसऱ्या कोणी अक्षरे काढलेला अंक हाती आला तर लेखक बदलल्यासारखे वाटते.

रंगांचेही तसेच. ग्लिनिस वाइन यांनी या मालिकेचे रंगकाम दीर्घकाळ केले. त्या काळी रंगकार मूळ चित्राच्या छोट्या प्रतीवर हाताने रंग लावत आणि प्रत्येक रंगाचा संकेत लिहीत. लाल, निळा आणि पिवळा यांच्या मोजक्या टक्केवारींच्या मिश्रणातून एकूण ६४ छटा मिळत, आणि प्रत्यक्ष मुद्रणाच्या पट्ट्या दुसरेच लोक तयार करत. स्वस्त कागदावर त्या छटा जशा उतरतील तशा पत्कराव्या लागत.

या मर्यादांचा कथेवर किती परिणाम होतो याचे उदाहरण जीनच्याच बाबतीत आहे. १०१व्या अंकात ती फिनिक्स म्हणून प्रथम अवतरली तेव्हा कॉकरम यांना तिचा पोशाख पांढरा आणि सोनेरी हवा होता. कागद इतका पातळ होता की पांढऱ्या जागेतून पाठीमागच्या पानावरचे चित्र दिसले असते, म्हणून पांढऱ्याऐवजी हिरवा रंग आला. पुढे ती काळ्या बाजूला गेली तेव्हा त्या हिरव्याचा लाल झाला, आणि हिरव्यातून लालात जाणे हा त्या कथेतला सर्वांत सहज वाचता येणारा संकेत ठरला. त्यामुळे शाईदौत, तुमच्या वादात बसलेल्या मंडळींमध्ये कागद पुरवणाऱ्यालाही एक खुर्ची द्यावी लागेल.

चुकीतून घडलेली गोष्टही आहे. 'जायंट-साइज'चे मुखपृष्ठ गिल केन यांनी काढले. त्यात वुल्व्हरिनच्या मुखवट्याची टोके मूळ आराखड्यापेक्षा मोठी आणि बाहेर वळलेली झाली. कॉकरम यांना ती इतकी आवडली की त्यांनी आतल्या पानांतही तशीच काढली. त्या पात्राची आज जगभर ओळखली जाणारी बाह्याकृती तिथून आली.

दप्तरी

मालकीविषयी लिहितो. मला हा या धाग्याचा गाभा वाटतो.

जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरना दिले. १९७५ मध्ये, बराच जाहीर दबाव आल्यानंतर, त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नाव मिळाले. पुढच्या पिढीने यातून धडा घेतला असेल असे वाटते, परंतु घेतला तो आधी प्रकाशकांनी. अमेरिकेचा १९७६ चा प्रताधिकार कायदा १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला आणि त्या वर्षी मार्व्हलने आपल्या लेखक-चित्रकारांसमोर करारपत्रे ठेवली. आपण केलेले सर्व काम कंपनीने सोपवलेले काम आहे आणि त्याची मालकी कंपनीची आहे, हे मान्य करणारी ती पत्रे होती. सही न करणाऱ्याला काम मिळणे अवघड होते. १३७वा अंक या करारांनंतरचा आहे. म्हणून शूटर आणि क्लेअरमाँट यांच्यातला वाद हा दोन सहलेखकांचा वाद नव्हता, त्यात एका बाजूला मालकाचा प्रतिनिधी होता.

पैशांची बाजू अगदीच एकतर्फी राहिली नाही हेही नमूद करतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्व्हल आणि तिची प्रतिस्पर्धी प्रकाशन कंपनी डीसी या दोघांनीही एक लाखापेक्षा अधिक खपलेल्या प्रतींवर निर्मात्यांना वाटा देण्याची पद्धत सुरू केली आणि 'एक्स-मेन'वर काम करणाऱ्यांना तिचा चांगला लाभ झाला. परंतु पात्र पडद्यावर गेल्यावर काय, हा प्रश्न वेगळा होता. लेन वाइन सांगत असत की बॅटमॅनच्या कथेत त्यांनी आणलेल्या लुशियस फॉक्स या दुय्यम पात्राच्या चित्रपटांतील वापराबद्दल डीसीकडून त्यांना जितके मिळाले तितके वुल्व्हरिनबद्दल मार्व्हलकडून मिळाले नाही. स्टॉर्म, नाइटक्रॉलर आणि कोलोसस यांना चेहरा देणारे कॉकरम २००४ मध्ये गंभीर आजारी पडले तेव्हा सहकाऱ्यांना त्यांच्यासाठी मदत उभी करावी लागली. नंतर मार्व्हलने त्यांच्याशी आर्थिक समझोता केला. २००६ मध्ये ते गेले. किर्बी यांच्या वारसांचा मार्व्हलशी समझोता २०१४ मध्ये झाला, किर्बी यांच्या निधनाला २० वर्षे झाल्यावर.

आता जीनकडे परत येऊ. मृत्यूचा निर्णय वादातून झाला, हे धागाकर्त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण तो मृत्यू टिकवण्याचा अधिकार त्या वादातल्या कोणाकडेच नव्हता. १९८६ मध्ये झेव्हियरच्या शाळेतल्या मूळ पाच विद्यार्थ्यांना (जीन त्यांतलीच) एकत्र आणणारी 'एक्स-फॅक्टर' ही मालिका काढायचे ठरले आणि पाचवी जागा रिकामी होती. पुढे लेखक झालेले कर्ट ब्युसिक यांनी केवळ वाचक असताना एक युक्ती शोधून ठेवली होती. मेली ती जीन नव्हतीच, ती तिचे रूप घेतलेली शक्ती होती, आणि खरी जीन समुद्राच्या तळाशी एका कोषात सुरक्षित होती. ही कल्पना लेखक रॉजर स्टर्न यांच्यामार्फत बर्न यांच्यापर्यंत पोहोचली आणि अमलात आली.

याचा सर्वांत मोठा फटका स्कॉटला बसला. क्लेअरमाँट यांनी १७५व्या अंकात मॅडेलिन प्रायरशी त्याचे लग्न लावून दिले होते, पुढे त्यांना मूलही झाले. सुपरहिरोला निवृत्त होऊन संसार करता येतो असा दुर्मीळ शेवट त्यांनी त्याला दिला होता. जीन परतल्याची बातमी कळताच तोच स्कॉट बायको आणि मूल सोडून निघून जातो. पात्राच्या स्वभावात नसलेली ही कृती नव्या मालिकेच्या गरजेपोटी त्याच्या माथी आली. मग ती सावरण्यासाठी मॅडेलिन जीनची प्रतिकृती ठरली, खलनायिका झाली आणि 'इन्फर्नो' या कथेत मेली. एका स्त्रीला जिवंत करण्याची किंमत दुसऱ्या स्त्रीने चुकवली, आणि यातले काहीही क्लेअरमाँट यांच्या मूळ योजनेत नव्हते.

रेघोट्या

दप्तरींच्या माहितीत एक तपशील जोडतो. जीनच्या पुनरागमनाची कथा 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या २८६व्या अंकात आली. त्या मालिकेचे लेखन आणि चित्रण तेव्हा बर्न यांच्याकडे होते. त्यांच्या अंकातली काही पाने क्लेअरमाँट आणि जॅक्सन गाइस यांच्याकडून बदलून घेतली गेली. बर्न यांनी आपले नाव काढून टाकले, आणि श्रेयाच्या जागी 'तुम्हाला ठाऊक आहे कोण' अशा अर्थाचा मजकूर छापला गेला. जीनला मारताना एकत्र असलेले दोघे तिला जिवंत करताना एकमेकांच्या पानांवर खाडाखोड करत होते. अशी योगायोगाची जुळणी कोणी कथेत लिहिली असती तर तांबड्या पेन्सिलीने ती नक्की खोडली असती.

तांबडी पेन्सिल

खोडली नसती, फक्त आधी तिची पूर्वतयारी करून घ्या असे सांगितले असते.

उत्तरायण

दप्तरींचे चित्र थोडे एकांगी आहे असे वाटते. कंपनीची मालकी आणि न संपणारी मालिका यांच्यामुळे काही गोष्टी बिघडतात हे मान्य, परंतु काही गोष्टी केवळ त्यांच्यामुळेच शक्य होतात. मालिकेतल्या मिस्टिक आणि डेस्टिनी या दोघींचे नाते क्लेअरमाँट यांच्या मनात पहिल्यापासून स्पष्ट होते. त्या जोडीदार आहेत, आणि रूप बदलू शकणारी मिस्टिक ही नाइटक्रॉलरची आई नसून पिता आहे, अशी त्यांची कल्पना होती. त्या काळच्या कॉमिक्स संहितेच्या, म्हणजे मजकुरावर बंधने घालणाऱ्या नियमावलीच्या, आणि संपादकीय धोरणाच्या चौकटीत हे लिहिणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी केवळ सूचक संवादांवर भागवले. पुढे १९९४ मध्ये दुसऱ्या लेखकाने मिस्टिकला नाइटक्रॉलरची जन्मदाती ठरवले, आणखी काही वर्षांनी तिसऱ्या लेखकाने अझाझेल नावाचा पिता आणला. शेवटी २०२३ मध्ये साय स्पुरिअर यांनी 'एक्स-मेन ब्लू: ओरिजिन्स' या अंकात क्लेअरमाँट यांची मूळ कल्पना अधिकृत केली, आणि मधल्या कथा खोट्या न ठरवता त्यांचा अर्थ बदलून ती बसवली.

एका लेखकाच्या स्वतःच्या मालिकेत असे झाले नसते. ती कधीच संपली असती आणि न लिहिलेली कल्पना मुलाखतींतच राहिली असती. इथे पात्रे कंपनीची असल्यामुळे, क्लेअरमाँट वाचत मोठ्या झालेल्या दुसऱ्या लेखकाला तो धागा उचलता आला.

दप्तरी

उत्तरायण, तुमचे उदाहरण सुंदर आहे, पण त्यातला निष्कर्ष मी उलटा काढतो. ती कल्पना चाळीसेक वर्षे अडली तीही पात्रे कंपनीची होती म्हणूनच. अडवणाऱ्याने वाट मोकळी केली याबद्दल त्याचे आभार मानण्यात मला फारसा रस नाही. स्पुरिअर यांचे आभार मी आनंदाने मानतो.

चौसष्ट छटा

अलीकडच्या काळाविषयी कोणीच लिहिले नाही. २०१९ मध्ये जोनाथन हिकमन यांनी 'हाउस ऑफ एक्स' आणि 'पॉवर्स ऑफ एक्स' या जोड-मालिकांमधून म्युटंट लोकांना, म्हणजे एक्स-मेनसारख्या जन्मतःच विशेष शक्ती असलेल्यांना, क्राकोआ बेटावर स्वतःचे राष्ट्र दिले आणि मृतांना परत आणण्याची एक रीतसर व्यवस्थाच कथेत बसवली. जीनच्या मृत्यूपासून जो प्रश्न या मालिकेच्या पाठीशी लागला होता, म्हणजे इथे मरण कायमचे नसेल तर त्याला अर्थ काय, तो लपवण्याऐवजी त्यांनी कथेच्या मध्यभागी आणून ठेवला. मला ही या मालिकेतील गेल्या अनेक वर्षांतली सर्वांत धीट कल्पना वाटते.

ती पद्धतही वेगळी होती. हिकमन प्रमुख आखणी करत आणि इतर लेखक आपापल्या मालिका त्या आखणीत गुंफत, सगळे सतत आपसात चर्चा करत. पण २०२१ मध्ये हिकमन बाहेर पडले. त्यांच्या आराखड्यात क्राकोआ हा पहिला टप्पा होता आणि पुढे जायची वेळ आली होती, तर सहकारी लेखकांना त्याच पहिल्या टप्प्यात आणखी रमायचे होते. हिकमन यांनी ते मान्य केले आणि आपली कथा आटोपती घेतली. क्राकोआचा काळ पुढे २०२४ पर्यंत चालला. म्हणजे या वेळी आखणी करणाऱ्याला संपादकाने अडवले नाही, सहकाऱ्यांच्या उत्साहाने अडवले, आणि तेही सामोपचाराने. शूटर यांच्या काळात हे कल्पनेतही आले नसते.

शाईदौत

चर्चा माझ्या मूळ मुद्द्याच्या पुढे गेली आहे, याचा आनंद आहे. दप्तरींचा आक्षेप मी स्वीकारतो, कारण वादातल्या सर्वांचे वजन सारखे नव्हते हे माझ्या मांडणीत पुरेसे आले नव्हते. तरीही एका गोष्टीवर मी ठाम आहे. शूटर यांनी मालकाच्या अधिकाराने 'हा शेवट चालणार नाही' एवढेच ठरवले. जीनने स्वतः, सगळे आठवत असताना, आपला शेवट निवडावा हे मालकाने ठरवले नव्हते, ते कथाकारांनी त्या कोंडीतून काढले. १९८६ मध्ये अधिकार तोच होता, पण कोंडीतून कोषापेक्षा चांगली वाट कोणाला काढता आली नाही.

नवखा वाचक

मी ही मालिका वाचलेली नाही, फक्त चित्रपट पाहिले आहेत. या चर्चेत आलेला वाद प्रत्यक्ष पानांवर पाहायचा असेल तर कुठून सुरुवात करावी? १९६३ पासून वाचण्याइतका धीर नाही.

शाईदौत

१९६३ पासून वाचू नका. 'जायंट-साइज'चा पहिला अंक वाचा आणि तिथून थेट १२९व्या अंकावर जा. १२९ ते १३७ हे अंक सलग वाचावेत, कारण जीन एका भागात बदलत नाही, ती थोडी थोडी घसरत जाते. १३५व्या अंकात तारा विझतो तिथे थोडे थांबा आणि त्या ग्रहावर दिलेल्या मोजक्या चौकटी पाहा, कारण पुढचा सगळा वाद त्यांवरून झाला.

१३७वा अंक संपल्यावर 'अनटोल्ड स्टोरी' घ्या. चंद्रावरची बहुतेक लढाई दोन्हींत तीच आहे, म्हणून फक्त शेवटची पाने समोरासमोर ठेवा. आधी चित्रे पाहा आणि मग संवाद वाचा, रेघोट्यांनी सांगितलेला क्रम लक्षात ठेवून. मूळ शेवटात स्कॉट आणि जीन यांच्यात किती अंतर आहे आणि बदललेल्या शेवटात किती, हे पाहण्यासारखे आहे. मागची चर्चा त्यानंतर वाचा, आणि शूटर यांचे पटते की क्लेअरमाँट यांचे, ते इथे येऊन लिहा. तांबडी पेन्सिल आणि दप्तरी यांच्यात अजून निकाल लागलेला नाही.